दोघांच्या वजनावर

गॅरेजच्या बाकावर स्कूटरची वाट बघणाऱ्या नर्सबाईंनी पेपर तोंडासमोर धरला होता. कान मात्र मिस्त्री आणि त्या वयस्क जोडप्याकडे होते.

“काका, वर्षात तिसऱ्यांदा चाकांच्या दांड्यांतले रबरी बुश फाटलेत. बसवले कुणी?”

“मीच. गाडी जॅकवर चढवली आणि चांगले घट्ट आवळले.”

“तिथेच माशी शिंकली. चाकं लोंबकळत असताना आवळलं, की गाडी खाली टेकल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. मग फाटतं.”

“मी म्हणत होते, मिस्त्रींकडे न्या. पण हे ऐकतील तर शपथ.”

“आता गाडी गॅरेजमधल्या या कामाच्या खड्ड्यावर घेतो. चाकं जमिनीवर राहतील, मी खालून आवळतो. फक्त रोज बसतं तेवढं वजन आत हवं.”

“रोज मी एकटाच असतो. हिला ऑफिसची बस आहे.”

“होती. कालच रिटायर झाले ना मी?”

“मग काकू, तुम्हीही बसा.”

दोन दारं लागली. खड्ड्यातून बराच वेळ पान्याचा आवाज येत राहिला, मग मिस्त्रीचा.

“झालं. उतरा आता.”

काकूंनी काच खाली केली.

“उतरायचं कशाला? आम्ही असेच निघतो. तुम्ही तेवढे वर या.”