हे वाढलं की ते उतरतं

मंडळी, आज सुरुवात देवाला विचारून नाही, पैजेनं. जुई आणि समीना, माझ्या वर्गातल्या, त्या खांबापाशी बसल्यात. त्या म्हणाल्या, हिंमत असेल तर भर कीर्तनात तुझ्या बाबांना विचार. तर विचारते. बाबा, तुम्ही विद्यापीठासाठी जे व्हिडिओ केलेत, त्यातला एक तरी स्वतः शेवटपर्यंत पाहिलात का?

हसू नका, मंडळी. प्रश्न साधा आहे – सांगणारा सांगून मोकळा झाला, ऐकणाऱ्याला कळलंच नाही, तर ते सांगणं झालं का?

ऐका. माझे बाबा, प्राध्यापक उद्धव नाईकवाडे, अर्थशास्त्र शिकवतात. मुक्त विद्यापीठानं त्यांना चौऱ्याऐंशी व्हिडिओ करायला सांगितले. गेला उन्हाळाभर रोज एका बंद खोलीत, समोर कॅमेरा आणि एक रिकामी खुर्ची! संध्याकाळी घरी यायचे ते घसा बसलेला, बोलायला नको, जेवायला नको. पेटीवाले काका, तुम्हाला मी दिसते, मला तुम्ही. पहिल्या रांगेत कुणी पेंगलं तर मी आवाज चढवते. रिकामी खुर्ची कधी पेंगते का?

मग स्वाध्याय तपासायला आले. स्वाध्याय म्हणजे घरी बसून लिहायची उत्तरं. त्यात सुरेखा भांगे नावाच्या बाईंचं उत्तर होतं. भाव आणि मागणी यांचा संबंध स्पष्ट करा. बाईंनी लिहिलं होतं – हे वाढलं की ते उतरतं, आणि रेघ इथून अशी खाली येते.

बाबा चिडले. म्हणाले, थट्टा करतात. शून्य देणार, तेवढ्यात आई आतून म्हणाली, "अहो, हे वाक्य तुमचंच आहे. मी तुमच्या व्हिडिओत ऐकलंय."

(काय ते आणि कशात ते न सांगता शेगडीपाशी नुसतं 'ते त्यात घाल' म्हणणाऱ्या काकूंनी आत्ता मान खाली घालायची.)

बाबांनी बाईंना फोन लावला. त्या अंगणवाडीत मदतनीस. पदवी झाली तरच वरच्या जागेची परीक्षा देता येते, आणि या विषयाची ही त्यांची शेवटची संधी. जूनमध्ये पेपर. बाई घाबरून म्हणाल्या, "सर, तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं. अकरा वेळा ऐकलं, एक शब्द चुकवला नाही."

"अहो, पण मी आलेखावर बोट ठेवून दाखवत होतो."

"बोट दिसत नव्हतं, सर. तुमचा चष्मा दिसत होता."

मग बाबांनी फोनवरच सांगितलं – टोमॅटोचा भाव चढला की गिऱ्हाईक हात आखडतं. पाच मिनिटांत बाईंना कळलं. उत्तर पुन्हा लिहून पाठवते म्हणाल्या, आणि हळूच विचारलं, बाकीच्या त्र्याऐंशी व्हिडिओंचं काय करू?

बाबांनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच स्वतःचा व्हिडिओ लावला. सातव्या मिनिटाला बंद केला. म्हणजे जुई, तुझं उत्तर – नाही, शेवटपर्यंत नाही. विद्यापीठ म्हणतं, पुन्हा करायचे तर करा. आणि बाबा म्हणतात, मी थकलोय गं, आता माझ्यानं होणार नाही.

मंडळी, त्यांचं थकणं खरं आहे. मी पाहिलंय. पण एक सांगा, देव तरी कुठे दिसतो? तरी आपण तो समोर आहे असं धरून बोलतो, म्हणून तर हात आपोआप जुळतात. मग न दिसणाऱ्या सुरेखाबाईंशी भिंतीशी बोलल्यासारखं का बोलायचं? तुम्हीही घरी जाऊन आठवा – आज किती जणांशी बोललात, आणि कुणाला कळलं का, हे किती जणांना विचारलंत?

आता दोन शब्द घरच्यांना. आई, बाबा, माझी दहावीची परीक्षा संपली की मी मामाकडे जाणार नाही. त्या खोलीतल्या खुर्चीत मी बसणार आहे. मला अर्थशास्त्रातलं काही कळत नाही, तेच बरं. मी हात वर केला की बाबांनी थांबायचं, आणि मला कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. पहिला व्हिडिओ पंधरा एप्रिलला. मी सुरेखाबाईंना तसं कळवून टाकलंय.