शेल्यात मुठीएवढी जागा

मंडळी, एक सांगा. ताकद कशात असते — आवळण्यात, का जागा ठेवण्यात? लगेच माना हलवू नका. आधी हिंदुरावाकडं चला.

भैरोबाच्या जत्रेत मानाची काठी निघायची. ताडासारखी उंच, वर निशाण. एकट्या गड्यानं ती कमरेच्या शेल्यात रोवून देवळापर्यंत नाचवत न्यायची. मान हिंदुरावाच्या घराचा. गडी पन्नाशी ओलांडलेला, पण मिशी अजून तरणी! आणि गेल्या जत्रेपासून कंबर धरलेली. वाकला की डोळ्यांपुढं काजवे. सांगणार कुणाला? चुलतभाऊ आनंदा टपलेलाच — दादा खाली बसला की काठी आपली.

मग हा काय करायचा? दुखेल तितका शेला आवळायचा. छाती पुढं, पोट आत. चालला की वाटायचं, विजेचा खांबच निघालाय.

पुतणी आश्लेषा तालुक्याच्या दवाखान्यात व्यायाम शिकवायची. तिनं काकाला ओट्यावरनं उठताना बघितलं.

"तात्या, उठताना दम का कोंडता?"

"मी? मी कशाला कोंडीन?"

"मग बोलत बोलत उठा बघू."

तात्या उठला — तोंड बंद! हसताय काय मंडळी, तुम्ही तरी कुठं बोलत उठता?

डॉक्टरांनी तपासलं, हाड शाबूत. आश्लेषानं त्याला उताणं झोपवलं, गुडघे उभे, हात पोटावर. "पाळण्यातली नात बघा, पोट कसं वरखाली होतंय."

"तिला काठी उचलायची नाही."

"तुम्हाला उचलायचीय, म्हणून तर सांगते. ट्रॅक्टरच्या चाकात हवा सगळीकडनं दाबते, तेव्हा ते ओझं पेलतं. तुम्ही हवा छातीत कोंडलीय आणि खाली चाक पंक्चर!"

लागलं ते त्याला. मग रोज तेच. श्वास पोटात, कुशीत, पाठीत. पाठ न मोडता खुब्यातनं वाकायचं. स्टुलावरनं श्वास सोडत उठायचं. आणि एका हातात भरली घागर घेऊन, तिकडं न झुकता अंगणात चालायचं. दुखणं एका रात्रीत पळालं नाही, पण मागं सरकायला लागलं.

आनंदा कुंपणावरनं म्हणाला, "काय दादा, पाणक्या झालास व्हय?"

डोकं तापलं! घागर टाकून गचांडी धरणार — तोच श्वास आठवला. सोडला, आणि चालत राहिला. पाणी हिंदकळलं नाही.

जत्रा आली. रीत अशी, की भावकीनं कमरेला पाय लावून शेला खेचायचा. हिंदुरावानं आपली मूठ आत घातली. "ही मावली पाहिजे. मग गाठ मारा."

"भ्याला रं दादा," आनंदा हसला.

दादानं पोट भरून श्वास घेतला आणि सोडता सोडता काठी उचलली. उठली! हलगी कडाडली, काठी नाचली, निशाण आभाळाला लागलं. इतकी वर्षं काठी नाचवताना ह्या माणसाच्या तोंडातनं देवाचं नाव निघालं नव्हतं. निघेल कसं? दम कोंडलेला! त्या दिवशी भर चौकात, काठी कमरेवर तोलत हिंदुराव गरजला —

"भैरोबाच्या नावानं!"

आणि सगळ्यांच्या आधी "चांगभलं" कोण ओरडलं? आनंदा.

चौकातल्या कट्ट्यावर बसलेल्या आश्लेषाची मान अशी ताठ, जणू काठी तिनंच नेली. नेलीच होती.

आता तुमच्याकडं बघतो. काठी उठली तेव्हापासनं तुम्ही सगळे श्वास धरून बसलाय. खांदे कानाला लागलेत तुमचे. घरचं, दारचं, मनातलं — सगळं असंच आवळून धरलंय, आणि म्हणता दुखतंय. सोडा की. पोटात जागा करा, देव तिथंच मावतो. घ्या श्वास... आणि सोडताना म्हणा, भैरोबाच्या नावानं —