मोनालीची रेघ काहून थरथरते?

...अन् कूलर बंद! पंखा बंद! खिडक्या बंद! मे महिन्यात, आपल्या यवतमाळात, भर दुपारी दोन वाजता! शी शी शी... तुम्हाले सांगतो, बनियान अशी चिकटली होती आंगाले, की मलेच माही किळस येऊन राह्यली होती. बत्तीस वर्सं झाले मले कॉलेजात, प्रयोगशाळेचा परिचर म्हनून. ॲसिड सांडलं, पुसलं. बेसिनात पोट्ट्याईनं तंबाखूचा खर्रा थुकला, तो बी याच हातानं धुतला. कधी नाक मुरडलं नाही. पन हे असं बंद खोलीत उकडत बसनं? अन् हे सारं कायच्यापायी? एका रेणूपायी! एका!

आता तुम्ही म्हनसान, भीमराजभाऊ, रेणूच तं हाये, त्यात काय? मले बी तसंच वाटे! आमच्या कपाटात बाटल्याच्या बाटल्या हायेत, एका थेंबात म्हने इतके रेणू की मोजता मोजता मानूस म्हातारा होऊन जाईन. म्हनून मी मोनालीले म्हटलं, बाई, थेंबभर घे ना, एकटाच काहून पायजे तुले? मोनाली म्हंजे आमची राळेगावची पोरगी. आमच्याकडेच बीएस्सी झाली, आता पीएचडी करून राह्यली. भल्ली हुशार, बोलाले गरीब, पन एकदा डोक्शात गेलं की गेलं! ती म्हनते कशी... असा बारीक आवाज तिचा... "काका, गर्दीचा फोटो काढला तं एकाचं तरी तोंड धड दिसते का? मले एकेकाले भेटाचं हाये." भेटाचं हाये! मुलगी पाहाले येऊन राह्यला का तो?

बरं, भेटाची रीत ऐका. एक पापुद्रा असते. कांद्याचा नाही, त्याच्याहून हजारपट पातळ. त्या पापुद्र्याले एक भोक. केवढं? तं डोळ्यानं दिसत नाही, भिंगानं दिसत नाही, आमच्या कॉलेजच्या साऱ्यात मोठ्या मायक्रोस्कोपनं बी दिसत नाही! म्हटलं, पोरी, भोक हाये हे तुले सांगतलं कोनं? म्हने वीज सांगते. दोन्हीकडून मिठाचं पानी, त्यातून उलिशीक वीज सोडाची, ती भोकातून वाहते अन् कॉम्प्युटरवर एक सरळ रेघ दिसते. मंग त्या पान्यात डीएनए सोडाचा, राळेगावच्या कपाशीच्या पानातून काढलेला. त्याचा एखादा धागा भोकात शिरला की विजेची वाट अडते अन् रेघ टचकन खाली येते. तो पार झाला की रेघ वर. झाली भेट!

म्हटलं, मंग त्याचं काय करशीन? "काही नाही काका, तो गेला." बाप्पा बाप्पा! म्हंजे कोन आला, कोन गेला, किती वेळ दारात थांबला, एवढंच लिहाचं? आमचा गेटवरचा वॉचमन हेच काम करते, त्याले तं कोनी डॉक्टर म्हनत नाही! तं हासली. म्हने, "काका, पानावर डाग दिसाच्या आधी त्यात रोगाचे चारदोनच रेणू असले, तरी हे भोक सांगू शकन. अजून लय वर्सं लागतीन, पन शकन." आता यावर काय बोलता? मी गप बसलो. म्हंजे... बसलो असन थोडा वेळ.

पन ही वीज मोजाची मशीन उसनी! नागपूरच्या एका मोठ्या संस्थेची, पंधरा दिवसासाठी देल्ली. त्यातले तेरा दिवस गेले अन् रेघ काही सरळ होईना. सारखी थरथरे. पेन्शनच्या कागदावर म्हातारा सही करते ना, तशी! त्यात रेणूची निशानी कोनती अन् थरथर कोनती, कसं समजावं? तिच्या गाइड मॅडमचा फोन आला, एक तासाची साफ रेघ पायजे, नाही तं हा भाग प्रबंधातून काढून टाक. तीन वर्साची मेहनत, काढून टाक! परवा सकाळी मशीन न्याले गाडी येनार. पोरगी स्टोअररूमात बसून रडे, अन् आवाज बाहेर जाऊ नये म्हनून ओढनीचा बोळा तोंडात. मले पाह्यवलं नाही, भाऊ. म्हटलं, मोनाली, डोळे पूस. मी हाये ना! तुही रेघ मी सरळ करतो.

फसलो ना मी! कोन्या मुहूर्तावर हे तोंड उघडलं!

ती म्हने, काका, बाहेरच्या विजेच्या लहरी आत शिरून राह्यल्या, मशीन बंद पत्र्याच्या पेटीत ठेवा लागन. आता अशी पेटी आनाची कुठून? घरी कोठी होती. गव्हाची, टीनाची, पंचफुलाच्या माहेरची. पंचफुला म्हंजे आमचं कुटुंब. तिच्या बापानं फुलसावंगीहून एसटीच्या टपावर टाकून आनली होती ती कोठी. मी मागतली तं म्हने, "अवो, मंग गहू कायच्यात ठेवू? तुमच्या डोक्शात? तठी जागा तं हाये भरपूर!" शेवटी गहू दिवानवर ओतले. अन् त्यातून निघाले सोंडे, गव्हातले काळे किडे! उशीवर सोंडे, चादरीवर सोंडे, मी झोपलो तं कानात सोंडा! थू! तीनदा पुसून कोठी कॉलेजात नेली, तरी एक कुठं तरी बसला होता लपून. तो बरोबर मशीनवर चढला, मोनाली किंचाळली, मी त्याले चिमटीत धरून बाहेर फेकला. शी! बोटाले वास किती वेळ! अन् हे कायच्यापायी? एका रेणूपायी!

एवढं केलं, तरी रेघ थरथरून राह्यली. मोनाली म्हने, आता जमीन हालत असन, काका. कुठं मोटर, कुठं मिक्सर... झालं, निंगालो मी.

पहिले हरिसिंग. तो बोरची मोटर सांभाळते. म्हटलं, दोन तास मोटर बंद ठेव. तं तो म्हने, "दादा, मोटर बंद तं टाकी खाली. टाकी खाली तं संडासात पानी नाही. अन् आज पेपर हाये, तीनशे पोट्टे हायेत, पोट्टे पेपरच्या भेवानं कितीदा जातेत तुम्हाले मालूम हाये का?" मले नव्हतं मालूम, भाऊ! दोन वाजेलोक मालूम झालं! आमची खोली संडासाच्या मांगच, अन् खिडकी बंद असली तरी वास का थांबते? मी सांगत नाही, तुम्हाले जेवाचं असन.

मंग कॅन्टीनच्या विमलताई. "भीमराजभाऊ, मिक्सर बंद करू? अन् चटनी का मी दातानं चावून देऊ पोट्ट्याईले?" हे तिनं वड्याच्या घान्यापुढं उभं राहून म्हटलं! मी तवापासून वडा खाल्ला नाही.

मंग प्राचार्य. त्याईच्या एसीची मशीन आमच्याच भिंतीले टांगलेली. ते तं एकदम शुद्ध बोलतात... "भीमराज, या महाविद्यालयाचा प्राचार्य मी आहे की तुमचा तो रेणू?" मी म्हटलं, सर, रोजचे तुम्ही. आज तो. असे पाह्यले माह्याकडे! पन एसी बंद केला, हे मानलं पायजे. काहून केला? तं मोनाली मांगं उभी होती, डोळे सुजलेले. रात्री करा म्हनता? अहो, पाचनंतर प्रयोगशाळेत कोनी थांबाचं नाही, नियमच हाये. त्याईचाच!

तं असं सारं बंद. पाखरू बी बोलून नाही राह्यलं. मी अन् मोनाली त्या भट्टीत. घाम नाकाच्या शेंड्यावरून टप टप. अन् रेघ... भाऊ, रेघ सरळ झाली! अशी सरळ, जशी पट्टीनं ओढली! मी म्हटलं, "अरे वा!"

थरथरली.

मी म्हटलं, "हट! आता काय झालं?" पुन्हा थरथरली. सरळ झाली. मी म्हटलं, "पाह्य पोरी, आता झाली बरं सरळ." थर्रर्र! मोनाली माह्याकडे पाहे, रेघेकडे पाहे, पुन्हा माह्याकडे पाहे. मंग एकदम हळू म्हने, "काका... एक मिनट गप बसा बरं."

बसलो. रेघ गपगार.

"आता बोला."

काय बोलू? म्हटलं, काय बोलू, पोरी? तेवढ्यात रेघ अशी नाचली!

ती म्हने, "काका, रागावू नका. पापुद्रा लय पातळ हाये ना, तुमच्या आवाजानं हालते तो." माह्याच! तिचा बारीक आवाज त्याले पोचत बी नव्हता. मोटर नाही, मिक्सर नाही, एसी नाही. मी! चौदा दिवस मी तिच्या बाजूले स्टूल टाकून बसलो होतो, अन् सांगून राह्यलो होतो, घाबरू नको पोरी, होईन, आज नाही तं उद्या होईन, मी हाये ना... अन् जितक्यांदा मी धीर देल्ला तितक्यांदा तिची रेघ मीच बिघडवली. भाऊ, सोंड्याची किळस आली होती ते काहीच नाही. मले माह्या या तोंडाची किळस आली. धरनी फाटावी असं वाटलं.

उठलो. एक शब्द बोललो नाही. बाहेर आलो, दुपट्टा तोंडाले बांधला अन् व्हरांड्यात उन्हात उभा राह्यलो. एक तास! जो येईन त्याले हातानंच, तिकडून जा, तिकडून जा. हरिसिंग आला, "दादा, मोटर सुरू करू का?" मानेनंच नाही म्हटलं. विमलताई आली, भांडून गेली, मी हूं केलं नाही.  तेवढ्यात पंचफुला, कोठी न्याले. माह्याकडे पाह्यलं अन् थबकलीच. "अवो... काय झालं? लकवा गेला का तोंडावरून?" मी बोट ओठावर ठेवलं. तिले खरं वाटेना! दोनदा मले चिमटा काढला. मंग चप्पल काढून, मांजरीवानी, अंदर गेली.

अन् तिनं पाह्यलं! माह्या बायकोनं पाह्यलं! रेघ सरळ, अन् टचकन खाली, अन् वर. एक रेणू गेला. पुन्हा टचकन, दुसरा गेला. जिच्या उशीवर सोंडे तिनं पाह्यलं, अन् ज्यानं सारं कॉलेज बंद पाडलं तो बाहेर! तासानं मोनाली धावत आली, माहे दोन्ही हात धरले. "काका, चारशे बारा! एकेक करून चारशे बारा गेले!" अन् रडाले लागली. मी बोलाले तोंड उघडलं, तं दुपट्टा तोंडावर तसाच बांधलेला! तोच सोडला अन् तिचे डोळे पुसले.

मशीन गेली दुसऱ्या दिवशी. प्रबंधात तो भाग राह्यला. अन् त्यात एक चित्र हाये, माहे नाव छापलेलं! दोन रेघा हायेत. वरची थरथरते, तिच्याखाली लिहिलं हाये, 'भीमराज काका बोलताना'. खालची सरळ, तिच्याखाली, 'भीमराज काका गप्प असताना'. मले अभिमान वाटला, खोटं काहून बोलू? एक कागद घरी आनला, पंचफुलाले दाखवला. तिनं दोनदा वाचला. मंग हासली नाही, बोलली नाही, पदरात झाकून सरळ बाजारात गेली अन् काचेची फ्रेम करून आनली.

आता ते चित्र आमच्या बैठकीत, टीव्हीच्या वर. मी घरात तोंड उघडलं की पंचफुला भांडत नाही, रागवत नाही, नुसतं भिंतीकडे बोट दाखवते. तीस वर्सं तिच्याजवळ पुरावा नव्हता, तो म्या माह्या घामानं मिळवून देल्ला. म्हनून तं तुम्हाले धरून सांगून राह्यलो, भाऊ... घरी कोनाले सांगू?