हरणाच्या फ्रेमवर ड्रायर

लॉकडाउनमध्ये लोकांनी केक केले, मी शिकाऱ्यांची फ्रेम केली. ॲल्युमिनियमचा सांगाडा पाठीला बांधायचा, हवे ते भाग जोडायचे आणि जंगलातून अख्खं हरीण वाहून आणायचं. बायको म्हणाली, "तू तर अंडंसुद्धा खात नाहीस." शेजारचा हेंक, खरा शिकारी, पोट धरून हसला.

मग कपडे वाळवायचा चाळीस किलोचा ड्रायर आला. कोरोनामुळे डिलिव्हरीवाले तो दारातच ठेवून गेले, आणि त्याची जागा माळ्यावर. इथे परदेशातले घरांचे जिने म्हणजे शिडीच. मी फ्रेमला खालची फळी जोडली, पट्ट्यांनी ड्रायर आवळला आणि एका दमात माळा गाठला.

खाली आलो, तर हेंक दारासमोर दीड मीटर अंतर राखून उभा. म्हणाला, "पुढच्या शिकारीला तू माझ्याबरोबर."

"अरे, मी शाकाहारी आहे."

"म्हणूनच. वाहणार सगळं, खाणार काहीच नाही. असा जोडीदार मी तीस वर्षं शोधतोय."