नवीन जोड पाझरतोच

डॉक्टर : परवा गुडघ्यातलं पाणी तपासायला काढलं, तेव्हा साधी पट्टी बांधली होती. ही आमची नाही.

बाबा : नाही. माझी आहे.

मुलगी : बाबा, ही नळाच्या आट्यांवर गुंडाळायची टेप आहे.

बाबा : खाली कापूस ठेवलाय. तेवढं कळतं मला.

डॉक्टर : जखम कधीपासून ओली आहे?

बाबा : टाके काढल्यापासून. नवीन जोड थोडा पाझरतोच. चार दिवसांत आपोआप बसतो.

मुलगी : डॉक्टर, हे प्लंबर आहेत. गिऱ्हाइकांना जन्मभर हेच सांगत आलेत.

डॉक्टर : आणि बसतो?

बाबा : बऱ्याचदा.

मुलगी : नाही बसला की लोक दुसरा प्लंबर बोलावतात.

डॉक्टर : पाण्यात जंतू सापडलेत. बसवलेला कृत्रिम गुडघा काढावा लागेल. तिथे औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवू, शिरेतून अँटिबायोटिक देऊ. जंतू गेल्याची खात्री झाली, की नवा गुडघा.

बाबा : गोळ्या द्या.

डॉक्टर : धातूवर जंतूंचा थर धरलाय. गोळीचं औषध त्याच्या आत पोचत नाही.

बाबा : शेवाळ.

डॉक्टर : तसंच समजा. पाइपात शेवाळ धरलं तर काय करता?

बाबा : पाइप बदला म्हणतो. गिऱ्हाइकाला. किती दिवस लागतील?

डॉक्टर : काही महिने.

बाबा : मग गोळ्याच द्या.

डॉक्टर : पाय जाऊ शकतो. रक्तात पसरलं तर जीवही. इतके दिवस घरात कुणाला सांगितलं का नाही?

मुलगी : फुल पँट घालून झोपत होते.

बाबा : थंडी होती.

मुलगी : पंखा चालू होता. डॉक्टर, आई अंथरुणाला खिळलीय. तिला रोज सकाळी उचलून खुर्चीत हेच बसवतात. गुडघा त्यासाठीच बदलून घेतला.

डॉक्टर : या पायावर उचलताय?

बाबा : दुसऱ्यावर जोर देतो.

मुलगी : मी उचलेन तिला.

बाबा : तुला दुखलं-खुपलं सांगणार नाही ती. मला सांगते. आणि तिला यातलं काही कळता कामा नये.

मुलगी : मला फोन कोणी केला असं वाटतं तुम्हाला?

बाबा : तिने?

मुलगी : म्हणाली, हे हल्ली उचलताना श्वास रोखून धरतात. एकदा बघून जा.

बाबा : मला काही बोलली नाही.

मुलगी : तुम्ही तरी कुठे बोललात?

(डॉक्टर टेपचे वेढे सोडवत राहतात.)

बाबा : काढून टाका.

डॉक्टर : तीच काढतोय.

बाबा : गुडघा म्हणतोय मी.

डॉक्टर : बरं.

बाबा : आणि तू ऐक. एक हात पाठीमागून घाल, दुसरा गुडघ्यांखालून. घाई करू नकोस.

मुलगी : हं.

बाबा : उचलायच्या आधी ‘चला’ म्हण. मग ती मान सैल सोडते.