उताणंच झोपायचं

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत परळच्या एका प्रसूतिगृहात मी नवी डॉक्टर होते. कळा सुरू झाल्या की बाईने उताणंच झोपायचं, असा तिथला नियम. गिरणीकामगाराची बायको शेवंता कळवळून म्हणाली, "डॉक्टरीणबाई, बसलं की कळ सोसवते." मी तिला बसू दिलं. बाळबाळंतीण सुखरूप.

मोठे डॉक्टर माझ्यावरच खेकसले, "एका बाळंतपणाने काही सिद्ध होत नाही."

"मान्य, सर. पण उताणं झोपवणं कशाने सिद्ध झालंय?"

"आमचे सर तसंच करायचे. त्यात विचारायचं काय?"

संध्याकाळी चळवळीच्या सभेत हेच गृहस्थ गरजत होते, "दिल्ली म्हणते म्हणून आम्ही का ऐकायचं?"

टाळ्या कडाडल्या. चळवळ माझीही होती, पण त्यांच्यासाठी माझे हात उचलले गेले नाहीत.