आवाज येणारं घर

बाबा: ते काही नाही, मॅडम. तुमच्या संशोधनातून आमचं नाव काढून टाका. आजच्या आज.

मॅडम: बरं. इथे सही करा.

बाबा: काय?

मॅडम: सही. तुमच्या नावासमोर. झालं मग, तुमचं घर मोकळं.

बाबा: एवढंच?

मॅडम: एवढंच.

बाबा: अहो, असं कसं! अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलोय मी भांडायला. जिना चढताना सगळं मनाशी घोकत आलो. आणि तुम्ही मला एका सहीत वाटेला लावताय?

मॅडम: जिना कशाला चढलात? लिफ्ट आहे की.

बाबा: तुमच्या लिफ्टचा दरवाजा बंद होताना खरखरतो. खालच्या खाचेत कचरा साचलाय. माझा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला, मी असल्या डब्यात पाय ठेवत नाही. ते राहू दे. तुम्ही मला थांबवत का नाही?

मॅडम: मला परवानगी नाही. लोक आमच्या अभ्यासात आपल्या मर्जीने येतात, मर्जीने जातात. जाणाऱ्याला गळ घालायची नाही, कारण विचारायचं नाही. विद्यापीठाचा नियमच आहे तसा.

बाबा: पण मला कारण सांगायचंय!

मॅडम: स्वतःहून सांगत असाल तर ऐकते की. बसा. पाणी घ्या.

बाबा: पाणी नको. ऐका. तुमची माणसं शाळेत आली तेव्हा काय म्हणाली? मुलं व्यसनाला लागतात, मनाने खचतात, घरात कुणाला पत्ता नसतो. म्हणून काही व्हायच्या आधीच आईबापांनी आणि मुलांनी एकत्र वर्गाला यायचं. बरोबर?

मॅडम: बरोबर. ‘बोलतं घर’.

बाबा: तर आधी माझ्या मुलीला काही झालेलं नव्हतं. नववीतली पोर, पण शहाणी. शाळेतून आली की खोलीत. जेवायला हाक मारली की यायची, ताटात बघून जेवायची, परत खोलीत. घर कसं शांत होतं! शेजारी हेवा करायचे. आणि तुमचे ते शनिवारचे वर्ग झाले आणि ती बिघडली.

मॅडम: म्हणजे?

बाबा: म्हणजे बोलते! तोंडाला तोंड देते. मी काही सांगायला लागलो की मधेच हात वर करते आणि म्हणते, ‘बाबा, माझं वाक्य संपलं नव्हतं.’ माझ्या घरात मला वाक्य संपायची वाट बघावी लागते! भाजी फोडणीला टाकली की हिची आई घड्याळ लावते ना, ते घड्याळ ही माझ्यापुढे आणून ठेवते. टिकटिक टिकटिक. ते वाजेपर्यंत मी ऐकायचं, म्हणे.

मॅडम: ते आमच्या वर्गातच शिकवलंय.

बाबा: तेच तर सांगतोय! तुम्ही शिकवलंय. हिची आई दवाखान्यात नर्स, तिची ड्युटी संपवून ती दमून येते आणि बघते तर आम्ही दोघं ओट्याशी जुंपलेले. तिला हसू येतं. मला नाही येत.

मॅडम: एक सांगू? हे मी तुम्हाला थांबवायला म्हणत नाहीये.

बाबा: सांगा.

मॅडम: तुमच्यासारख्या तक्रारी बऱ्याच घरांतून आल्यात. ज्या घरांना आम्ही वर्ग दिले, तिथे भांडणं वाढली. ज्यांना अजून दिले नाहीत, ती घरं होती तशीच शांत आहेत. माझ्या वरचे लोक म्हणतात, बाई, तुम्ही तर घरं पेटवत सुटलात. आवरा हे. पुढच्या बैठकीत बहुतेक बंदच करतील.

बाबा: बघा! म्हणजे मी एकटा वेडा नाही.

मॅडम: नाही.

बाबा: मग तुम्ही भांडत का नाही त्यांच्याशी?

मॅडम: कशाच्या जोरावर भांडू? भांडणं वाढली हे खरंच आहे. खरी गोष्ट आहे ती मुलांचं पुढे काय झालं याची, आणि ती शेवटच्या घरांशी बोलून झाल्याशिवाय उघडून बघायची नाही, असं आम्ही आधीच ठरवलंय. मलाही माहीत नाही. मनातून वाटतं काहीतरी. पण वाटण्यावर विद्यापीठ चालत नाही.

बाबा: शेवटची घरं म्हणजे?

मॅडम: तुमचं एक. आज तुम्हा दोघांची शेवटची मुलाखत होती. राहू दे आता. पेन घ्या.

बाबा: घेतो. पण मुख्य गोष्ट तर मी सांगितलीच नाही. गेल्या आठवड्यातली.

मॅडम: सांगा.

बाबा: मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणून गेली. संध्याकाळी मी एका इमारतीत, लिफ्टच्या टपावर उभा. हात ग्रीसने माखलेले. फोन वाजला. हळू आवाजात म्हणते, ‘बाबा, मला न्यायला ये. आत्ता. आणि काही विचारू नकोस.’

मॅडम: मग?

बाबा: मग काय! तुमच्या वर्गात तो शब्द घेतला होता ना सगळ्या बापांकडून? मूल कुठूनही फोन करो, आधी आणायचं, प्रश्न दुसऱ्या दिवशी. तुमची ती शिकवणारी मुलगी माझ्याकडेच रोखून बघत होती, म्हणून मीही मान डोलावली. मला काय माहीत, खरंच फोन येईल! तसाच माखल्या हाताने स्कूटर काढली. ती त्या घराच्या फाटकाबाहेर उभी, दप्तर छातीशी धरून. मागे बसली. आणि मी घरापर्यंत तोंडात गुळणी धरली. एक प्रश्न नाही. तुम्हाला कल्पना आहे, माझ्यासारख्या माणसाला गप्प बसायला किती त्रास होतो?

मॅडम: येतेय कल्पना.

बाबा: जेवताना गप्प. रात्री पंख्याकडे बघत गप्प. सकाळी विचारलं. तर म्हणते, त्या मैत्रिणीचा भाऊ आणि त्याचे मित्र कसल्याशा गोळ्या घेऊन आले होते. एकेकीच्या हातावर ठेवत होते. ही न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि फोन केला.

मॅडम: तुम्हाला.

बाबा: मला. मग मी ओरडलो. गेलीसच कशाला तिथे! तर उलट मला काय म्हणाली, ऐका. म्हणाली, ‘फोन केला म्हणून ओरडतोयस. केला नसता तर?’ हे असं बोलते बापाशी! हे असं! तुम्ही... तुम्ही काही म्हणत का नाही?

मॅडम: मला परवानगी नाही.

बाबा: तुमची परवानगी गेली खड्ड्यात! ...तुमचं पेन चालत नाही.

मॅडम: चालतं. टोपण काढलं नाहीत तुम्ही.

बयो: येऊ का, मॅडम? आई शप्पथ, तुमची लिफ्ट काय खरखरते!

बाबा: त्या लिफ्टने आलीस तू? बयो, तुला हजारदा सांगितलंय...

बयो: बयो म्हणू नकोस ना लोकांसमोर. आणि तू इतक्या लवकर? मुलाखत चारला आहे ना? हे काय आहे? बाबा, हे काय आहे?

बाबा: आपण यातून बाहेर पडतोय.

बयो: आपण? मला कुणी विचारलं? मॅडम, मीपण सही केली होती ना सुरुवातीला?

मॅडम: केली होतीस. पण बाबा नको म्हणाले तर मी पुढे नेऊ शकत नाही. तुम्ही दोघं बोला. मी खिडकीशी बसते.

बयो: बाबा, का?

बाबा: कारण घरात रोज भांडण. कारण तू बोलतेस.

बयो: बरं. एक विचारते. वाक्य संपेपर्यंत मधे बोलायचं नाही.

बाबा: घड्याळ आणलंयस का?

बयो: बाबा! लिफ्टमध्ये माणसं अडकली की तुला बोलावतात. आत माणसं आरडाओरडा करत असली तर तू काय करतोस? तूच सांगतोस नेहमी.

बाबा: त्याचा इथे काय संबंध?

बयो: सांग ना.

बाबा: आरडाओरडा असला तर मी निवांत असतो. श्वास चाललाय, जोर आहे, चिडलीत, म्हणजे ठीक आहेत. हत्यारं नीट काढतो, सावकाश उघडतो.

बयो: आणि आतून आवाजच येत नसेल तर?

बाबा: तर... तर जिने धावत चढतो.

बयो: आपल्या घरात माझा आवाज येत नव्हता, बाबा. वर्षभर. आणि तू निवांत चहा पीत होतास.

बाबा: माझा रुमाल कुठे गेला?

बयो: रडू नकोस हं. मी तुला रडवायला नाही म्हटलं.

बाबा: कोण रडतंय. वर्षभर काय होत होतं तुला?

बयो: काही मोठं नाही. म्हणजे तेव्हा मोठं वाटायचं. सकाळी उठावंसंच वाटायचं नाही. वर्गात कुणी माझ्याशी बोलायचं नाही, डबा मी जिन्याखाली खायचे. वाटायचं, मी उद्या नसले तरी कुणाला कळणार नाही. आणि सगळे म्हणायचे, किती शांत मुलगी! मग मी आणखी शांत व्हायचे.

बाबा: आणि मला वाटलं तू सुखात आहेस. शेजाऱ्यांना अभिमानाने सांगत होतो मी.

बयो: माहितेय. ऐकू यायचं खोलीत.

बाबा: मला का नाही सांगितलंस गं?

बयो: कधी सांगणार? माझं वाक्य सुरू झालं की तुझं सुरू व्हायचं. त्या वर्गात पहिल्यांदा ते घड्याळ लावलं ना, आणि तू ओठ घट्ट मिटून, लालबुंद होऊन बसला होतास, तेव्हा मला इतकं हसू आलं! आणि वाटलं, हा माणूस माझ्यासाठी एवढा त्रास सोसतोय. म्हणून त्या दिवशी न्हाणीघरातून तुलाच फोन केला. आईला नाही.

बाबा: मी ग्रीसच्या हाताने आलो.

बयो: माझ्या दप्तराला अजून डाग आहे. मी धुवू दिला नाही आईला.

बाबा: वेडी आहेस.

बयो: बाबा, परत कधी असा फोन केला तर ओरडशील?

बाबा: ओरडेन. बाप आहे मी. पण आधी न्यायला येईन.

बयो: चालेल.

बाबा: मॅडम, इकडे या. तुम्ही का डोळे पुसताय? तुम्हाला यायला हवं का असलं रडू? हा तुमचा रोजचा धंदा आहे.

मॅडम: खिडकीत धूळ आहे.

बाबा: लिफ्टमध्येही आहे, इथेही आहे. तो सहीचा कागद द्या इकडे. फाडतो.

मॅडम: तुम्ही विचार करून...

बाबा: आता हे फाडायलाही परवानगी लागते का? हे बघा, फाडला. घ्या आमची मुलाखत. आणि आमच्या घरात भांडणं किती वाढली विचारलंत, तर खूप वाढली म्हणून लिहा. ठळक लिहा. त्या तुमच्या वरच्या लोकांनी मला बोलवावं, मी सांगतो त्यांना लिफ्टचं.

बयो: बाबा, मॅडमचं वाक्य संपलं नव्हतं.

(काही महिन्यांनंतर, फोनवर.)

मॅडम: ऐकू येतंय का? तुमच्याकडे कसला गोंगाट आहे?

बाबा: मशीनच्या खोलीत आहे, मॅडम. थांबा, बाहेर येतो. हं, बोला. लिफ्ट परत बिघडली का तुमची? मी स्वतः झाडून, तेल घालून दिली होती.

मॅडम: लोण्यासारखी चालते. त्यासाठी नाही केला फोन. उघडलं आम्ही काल. सगळं. सगळ्या घरांचं.

बाबा: मग? अहो, जीव टांगणीला लावू नका.

मॅडम: भांडणं वाढली ती वाढलीच. पण त्याच घरांतली मुलं दारूच्या, गोळ्यांच्या वाटेला दुसऱ्या घरांच्या निम्म्यानेसुद्धा गेली नाहीत. आणि ज्यांना आतून खचल्यासारखं वाटत होतं, त्यांतल्या बहुतेकांनी घरात कुणाला तरी सांगितलं. शांत घरांतल्या मुलांनी नाही सांगितलं. आम्ही तीन वेगवेगळ्या माणसांकडून तपासून घेतलं. तेच उत्तर.

बाबा: मॅडम! जिंकलात की तुम्ही!

मॅडम: जिंकलो. मला काल आमच्या आकडेमोड करणाऱ्या पोरांनी खुर्चीसकट उचललं. या वयात! आणि बंद करायला निघालेले होते ना, तेच आज विचारत होते, सगळ्या शाळांत कधी सुरू करता म्हणून. जी घरं थांबून राहिली होती, त्यांचे वर्ग आधी.

बाबा: आमचं घर मोजलं ना त्यात?

मॅडम: मोजलं.

बाबा: मोठ्या भांडणाला जास्त गुण दिलेत का?

मॅडम: तसं नसतं हो.

बाबा: असायला हवं. बयोला सांगितलं पाहिजे, नाचेल. आज सहामाही संपली तिची, मैत्रिणींबरोबर कुठेतरी गेलीये. थांबा, थांबा, दुसरा फोन येतोय. तिचाच. धरा जरा.

मॅडम: धरते.

बाबा: ...हं, मॅडम. ठेवतो मी. न्यायला ये म्हणते.

मॅडम: का? काय झालं?

बाबा: विचारलं नाही. उद्या विचारीन.